शिसे गेले, बेंझीन उरले!

पेट्रोलचा वास अनेकांना आवडतो. पंपावर रांगेत उभे असताना मुद्दाम खोल श्वास घेणारी मुले आपण सर्वांनीच पाहिली आहेत. मोठी माणसेही त्यात मागे नसतात. गाडीचा धूर नाकात गेला की आपण नाक मुरडतो, धूर सोडणाऱ्याला चार शब्द सुनावतो. पेट्रोलच्या वासाचे मात्र कोणालाच काही वाटत नाही. तो दिसत नाही, डोळे चुरचुरत नाहीत, खोकला येत नाही. मग त्याची भीती कशाला बाळगायची?

वाचकहो, एक साधी गोष्ट लक्षात घ्या. एखाद्या पदार्थाचा वास येतो याचा अर्थ तो पदार्थ अतिसूक्ष्म रूपात आपल्या नाकापर्यंत पोचलेला असतो. जे नाकात जाते ते श्वासाबरोबर फुप्फुसात जाते आणि फुप्फुसांतून रक्तात मिसळते. म्हणजे पेट्रोलचा वास घेणे हे पेट्रोलचा थोडासा अंश अंगात घेण्यासारखेच आहे.

वाहनांच्या इंधनातून हवेत येणारी विषारी रसायने कोणती, ती शरीरात काय करतात, कोणाला त्यांचा धोका जास्त आणि त्यावर आपण काय करू शकतो, याचा विचार आजच्या लेखात करू. दिल्ली-मुंबईच्या प्रदूषणाविषयी पुष्कळ लिहिले जाते. पण मोती चौकातला दुकानदार, पोवई नाक्यावरचा वाहतूक पोलीस, वाढे फाट्याजवळचा गॅरेजवाला आणि तालुक्याच्या पंपावर दहा-दहा तास उभा राहणारा मुलगा यांच्या फुप्फुसांतही तीच रसायने जातात. म्हणून हा विषय आपलाही आहे.

पेट्रोलमध्ये काय असते?

पेट्रोल हा एकच एक पदार्थ नव्हे. खनिज तेलापासून मिळणाऱ्या शेकडो हायड्रोकार्बनांचे ते मिश्रण आहे. त्यात टोल्यूइन असते, झायलीन असते आणि या कुटुंबातले सर्वांत खोडकर भावंड म्हणजे बेंझीन असते. बेंझीन ८० अंश सेल्सियसला उकळते. पण पाणी जसे न उकळताही वाळते, तसे बेंझीनही साध्या हवेत भराभर उडून जाते. आपल्याकडच्या उन्हाळ्यात तर विचारायलाच नको.

आज भारतात पेट्रोलमध्ये बेंझीनचे प्रमाण १ टक्क्यापेक्षा जास्त असू नये असे बंधन आहे. १ टक्का म्हणजे किरकोळ वाटते. हिशेब करून पाहा. १ लिटर पेट्रोलमध्ये १० मिलिलिटरपर्यंत, म्हणजे चहाचे दोन चमचे भरून बेंझीन असू शकते. स्कूटरच्या ५ लिटरच्या टाकीत असे दहा चमचे झाले!

हे झाले न जळलेल्या पेट्रोलचे. इंजिनात पेट्रोल जळताना काही बेंझीन तसेच बाहेर पडते, तर काही पेट्रोलमधल्या इतर घटकांपासून नव्याने तयार होते. शिवाय धुरातून कार्बन मोनॉक्साइड, ब्युटाडाइन, फॉर्माल्डिहाइड आणि नायट्रोजनची ऑक्साइडे येतात. डिझेलमध्ये बेंझीन फारच कमी असते, पण त्याच्या धुरात काजळीचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्या कणांना बेंझोपायरीनसारखी घातक रसायने चिकटलेली असतात.

जागतिक आरोग्य संघटनेची कर्करोग संशोधन संस्था फ्रान्समध्ये लिऑन येथे आहे. कोणत्या पदार्थाने माणसाला कर्करोग होतो याचा पुरावा ती तपासते आणि पुरावा पक्का असेल तर तो पदार्थ पहिल्या गटात घालते. बेंझीन या गटात फार पूर्वीच गेले. डिझेलचा धूर जून २०१२ मध्ये गेला. आणि २०२५ साली खुद्द पेट्रोललाही या गटात टाकण्यात आले. येथे एक खुलासा करतो. पहिल्या गटात असणे म्हणजे पुरावा पक्का असणे. सर्वांना सारखाच धोका आहे, असा त्याचा अर्थ होत नाही. धोका किती हे मात्रेवर, म्हणजे किती अंगात गेले आणि किती वर्षे गेले, यावर ठरते.

शिशाचा धडा

बेंझीनकडे वळण्यापूर्वी शिशाची कथा सांगणे आवश्यक आहे, कारण त्या दोघांचा संबंध आहे.

१९२१ साली अमेरिकेत थॉमस मिजली या अभियंत्याला असे आढळले की पेट्रोलमध्ये टेट्राइथाइल लेड हे शिशाचे संयुग थोडेसे मिसळले तर इंजिनातली 'टकटक' थांबते. शोध स्वस्त होता, फायदा मोठा होता. पण ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सी राज्यातील बेवे येथे हे रसायन तयार करणाऱ्या कामगारांना भ्रम होऊ लागले आणि त्यांतले पाच जण दगावले. डॉ. ॲलिस हॅमिल्टन या औद्योगिक आरोग्याच्या जाणकार विदुषीने १९२५ मध्येच इशारा दिला होता की हे शिसे रस्त्यारस्त्यावर पसरेल. तो इशारा बाजूला पडला आणि पुढची अनेक दशके जगभरच्या गाड्या धुरातून शिसे ओकत राहिल्या.

शिसे मुलांच्या मेंदूचे नुकसान करते. १९७९ मध्ये डॉ. हर्बर्ट नीडलमन यांनी मुलांच्या पडलेल्या दुधाच्या दातांतील शिसे मोजले. ज्यांच्या दातांत शिसे जास्त, त्यांची बुद्धिमापनाच्या चाचणीतली कामगिरी कमी, असे त्यांना आढळले. ही मुले आजारी दिसत नव्हती. शाळेत जात होती, खेळत होती. नुकसान मात्र होतच होते.

आपल्या देशात एप्रिल १९९५ पासून चार महानगरांमध्ये शिसेविरहित पेट्रोल मिळू लागले आणि १ फेब्रुवारी २००० पासून ते सर्व देशात लागू झाले. जगात सर्वांत शेवटी, २०२१ साली, अल्जीरियाने मोटारींसाठी शिसेयुक्त पेट्रोलची विक्री थांबवली. शोध लागल्यापासून विष थांबेपर्यंत बरोबर शंभर वर्षे गेली!

आता बेंझीनचा संबंध पाहा. शिसे काढले तर इंजिनाची टकटक थांबवणारे दुसरे काहीतरी पेट्रोलमध्ये हवे. हे काम बेंझीनच्या कुटुंबातले घटक चांगले करतात. त्यामुळे शिसे काढताना या घटकांचे प्रमाण वाढण्याची शक्यता निर्माण झाली आणि मग त्यांच्यावर मर्यादा घालणे भाग पडले. २००० च्या सुमारास आपल्या देशाच्या बहुतेक भागात पेट्रोलमध्ये ५ टक्क्यांपर्यंत बेंझीन चालत असे. पुढे ही मर्यादा टप्प्याटप्प्याने १ टक्क्यावर आली. १ एप्रिल २०२० पासून सर्व देशात लागू झालेल्या भारत स्टेज ६ या मानकातही ती १ टक्काच आहे. शिसे बाहेरून मिसळलेले होते, म्हणून ते पूर्णपणे काढता आले. बेंझीन पेट्रोलच्या अंगातच आहे. ते कमी करता येते, पण शून्यावर आणता येत नाही.

रक्ताच्या कारखान्यावर घाव

आपल्या हाडांच्या पोकळीत एक मऊ, लालसर गर असतो. त्याला अस्थिमज्जा म्हणतात. हा आपल्या रक्ताचा कारखाना आहे. प्राणवायू वाहणाऱ्या तांबड्या पेशी, रोगजंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी आणि रक्तस्राव थांबवणाऱ्या बिंबिका, म्हणजे प्लेटलेट्स, या तिन्ही तेथे अहोरात्र तयार होत असतात. बेंझीनचा घाव नेमका या कारखान्यावर पडतो.

श्वासातून आत गेलेल्या बेंझीनपैकी साधारण निम्मे रक्तात शोषले जाते. शरीर त्याला परके समजून बाहेर काढण्याच्या खटपटीला लागते. यकृत त्याचे रूपांतर फिनॉल, हायड्रोक्विनोन अशा पदार्थांत करते, कारण असे पदार्थ लघवीवाटे सहज बाहेर जातात. पण येथेच घात होतो. यांतले काही पदार्थ रक्ताबरोबर अस्थिमज्जेत पोचतात आणि तेथे त्यांच्यापासून आणखी जहाल संयुगे तयार होतात. ती नव्याने जन्मणाऱ्या पेशींना मारतात, नाहीतर त्यांच्या गुणसूत्रांची मोडतोड करतात. पेशी मेल्या तर रक्त कमी पडते. गुणसूत्रे बिघडलेली पेशी जिवंत राहून बेसुमार वाढू लागली तर रक्ताचा कर्करोग होतो. 'ॲक्यूट मायलॉइड ल्युकेमिया' या प्रकाराशी बेंझीनचा संबंध पक्का सिद्ध झालेला आहे.

बेंझीन स्वतः एक-दोन दिवसांत बहुतांशी शरीराबाहेर जाते. पण रोज थोडे थोडे आत येत राहिले तर कारखान्याला दुरुस्तीची सवड मिळत नाही. सांडलेले पाणी वाळून जाते, पण रोज त्याच जागी पाणी पडले तर भिंतीला ओल धरते, तसेच हे आहे.

ही माहिती नवी नाही. १८९७ मध्ये स्वीडनमधील सँटेसन या वैद्यकतज्ज्ञाने सायकलचे टायर बनवणाऱ्या कारखान्यातील तरुण स्त्रियांचा आजार नोंदवला. रबर विरघळवण्यासाठी तेथे बेंझीन वापरत असत. त्या स्त्रियांची अस्थिमज्जा काम करीनाशी झाली आणि त्यांतील चौघी दगावल्या. पुढे १९७० च्या दशकात तुर्कस्तानात इस्तंबूलचे डॉ. मुझफ्फर अक्सॉय यांना बूट-चपला बनवणाऱ्या कारागिरांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचे रुग्ण नेहमीपेक्षा जास्त आढळले. हे कारागीर बंद, कोंदट खोल्यांत बेंझीनयुक्त सोल्युशन वापरत होते. दोन्ही ठिकाणी गोष्ट एकच होती. बंद जागा, रोजचा संपर्क आणि धोक्याची कल्पना नसलेली कष्टकरी माणसे.

कोणाला किती धोका?

भारत सरकारने १८ नोव्हेंबर २००९ रोजी जाहीर केलेल्या हवेच्या मानकांनुसार बेंझीनची वार्षिक सरासरी दर घनमीटर हवेत ५ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त असू नये. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते बेंझीनची पूर्ण सुरक्षित अशी पातळी सांगताच येत नाही. तिच्या हिशेबानुसार दर घनमीटरला १ मायक्रोग्रॅम बेंझीन असलेली हवा जन्मभर घेतली तर दर १० लाखांत सुमारे ६ जणांना त्यामुळे रक्ताचा कर्करोग होऊ शकतो. म्हणजे ५ मायक्रोग्रॅमला १० लाखांत सुमारे ३०. तेव्हा आठवड्यातून एकदा पंपावर जाणाऱ्याने भेदरून जाण्याचे काहीच कारण नाही.

पण हे झाले सर्वसाधारण हवेचे. पंपाच्या नोझलपाशी, गॅरेजच्या खड्ड्यात किंवा टँकरच्या झाकणाशी असलेली हवा वेगळी असते. तेथे बेंझीन कित्येक पटींनी जास्त असते आणि तेथे दिवसभर उभा राहणारा माणूस वर्षानुवर्षे तीच हवा घेतो.

पंपावर वाफ येते कोठून, हे समजून घ्या. 'रिकामी' टाकी खरे तर रिकामी नसते. ती पेट्रोलच्या वाफेने भरलेली असते. आपण १० लिटर पेट्रोल भरतो तेव्हा सुमारे १० लिटर वाफमिश्रित हवा टाकीच्या तोंडातून बाहेर ढकलली जाते आणि भरणाऱ्याचे तोंड नेमके त्यावरच असते. टाकीत डोकावून 'फुल झाली का' हे पाहणाऱ्याला त्यातला मोठा वाटा मिळतो.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर न जाता जमिनीलगत रेंगाळते, खड्ड्यात साचते. म्हणून गॅरेजमध्ये गाडीखालच्या खड्ड्यात काम करणाऱ्याला आणि जमिनीवर बसून कार्बोरेटर धुणाऱ्या पोराला ती जास्त मिळते. लहान मुलांचे नाक जमिनीच्या जवळ असते आणि वजनाच्या मानाने ती आपल्यापेक्षा जास्त हवा घेतात.

धोका अधिक असणारी माणसे अशी: पंपावरचे कामगार, टँकरचे चालक आणि क्लीनर, दुचाकी-चारचाकीचे मेकॅनिक, रिक्षाचालक, वाहतूक पोलीस, हमरस्त्यावर दिवसभर बसणारे फळवाले व भाजीवाले. यांत विडी-सिगारेट ओढणाऱ्यांची भर घाला, कारण तंबाखूच्या धुरातही बेंझीन असते. पंपावर काम करून वर विडी ओढणारा दोन्ही बाजूंनी मार खातो. पंपाच्या आवारात विडी पेटवल्यास काय होईल, हे वेगळे सांगायला नकोच.

माझ्या दवाखान्यातील एक अनुभव

काही वर्षांपूर्वी तिशीतला एक दुचाकी मेकॅनिक माझ्याकडे आला. चालताना दम लागतो, ब्रश करताना हिरड्यांतून रक्त येते, पायांवर मार न लागताही काळेनिळे डाग उठतात, अशी त्याची तक्रार होती. दोन महिने तो 'अशक्तपणा आहे' म्हणून शक्तीच्या गोळ्या घेत होता. रक्त तपासले तर तिन्ही प्रकारच्या पेशी कमी होत्या. मी त्याला विचारले, 'दिवसभरात काय काय करता?' तो म्हणाला, 'डॉक्टरसाहेब, काम तेच. पार्ट पेट्रोलने धुवायचे. संध्याकाळी हातही पेट्रोलनेच धुतो, ग्रीस दुसऱ्या कशाने निघत नाही. टाकी रिकामी करायची तर नळी तोंडाने ओढतो.' बारा वर्षांपासून त्याचा हाच दिनक्रम होता आणि गॅरेज होते बोळातल्या एका खोलीत.

त्याला मी ताबडतोब मोठ्या रुग्णालयात रक्तविकारतज्ज्ञांकडे पाठवले. सुदैवाने कर्करोग नव्हता. पेट्रोलशी संपर्क थांबला, उपचार झाले आणि कित्येक महिन्यांनी त्याचे रक्त पूर्वपदावर आले. आज तो स्पेअर पार्टचे दुकान चालवतो. त्याच्या आजाराचे कारण पेट्रोलच, असे एकट्या रुग्णाबाबत छातीठोकपणे सांगता येत नाही. अस्थिमज्जा मंदावण्याची इतरही कारणे असतात. पण एवढे खरे की बारा वर्षांत त्याच्या रक्ताची तपासणी एकदाही झाली नव्हती आणि हे काम रक्ताला घातक आहे, असे त्याला कोणीही सांगितले नव्हते.

बेंझीनमुळे पेशी घटू लागल्याचे लवकर लक्षात आले आणि संपर्क तोडला, तर पुष्कळदा अस्थिमज्जा सावरते. उशीर झाला तर सावरेलच असे नाही. वेळीच तपासणी करण्याचे महत्त्व यातच आहे.

आपण काय करावे?

सर्वसाधारण वाचकांसाठी:

१) पंपावर गाडीवरून उतरून दोन-चार पावले दूर, वारा पाठीमागून येईल असे उभे राहावे. मुलांना टाकीजवळ उभे करू नये.

२) नोझल आपोआप बंद झाल्यावर 'अजून थोडे घाला' असा आग्रह धरू नये. सांडलेले पेट्रोल वाफ होऊन आपल्याच नाकात जाते.

३) दुचाकी घरात, सोप्यात किंवा झोपण्याच्या खोलीलगत जिन्याखाली लावणे टाळावे. टाकीतून आणि जुन्या गाडीच्या कार्बोरेटरमधून रात्रभर वाफ येत राहते. जागेअभावी आत लावावीच लागली तर खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि टाकीचे झाकण घट्ट आहे ना, ते पाहावे. बाटल्या-कॅनमध्ये पेट्रोल घरात कधीही साठवू नये.

४) बंद जागेत इंजिन चालू ठेवू नये. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. तो रक्तातील हिमोग्लोबिनला प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि माणूस झोपेतच दगावतो.

५) सिग्नलला किंवा फाटकाशी थांबलात तर इंजिन बंद करावे. धूर शुद्ध करणारे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर नावाचे यंत्र तापल्याशिवाय नीट काम करत नाही. त्यामुळे गाडी सुरू केल्यानंतरची पहिली काही मिनिटे सर्वांत घाण धुराची असतात. कोपऱ्यावरच्या दुकानात जायला गाडी काढण्यापेक्षा पायी जावे. धूर कमी होईल आणि रक्तदाबालाही बरे!

मेकॅनिक व पंपावरील कामगारांसाठी:

१) पेट्रोलने हात धुऊ नयेत. ग्रीस काढायला खोबरेल किंवा साधे तेल चोळून, मग साबण लावावा. पेट्रोल कातडीतूनही आत जाते आणि कातडी फुटते ती वेगळीच.

२) नळी तोंडाने कधीही ओढू नये. हाताने दाबायचा पंप मिळतो, तो वापरावा. चुकून पेट्रोल घशात गेलेच तर उलटी काढू नये. उलटी होताना पेट्रोल फुप्फुसात उतरते आणि जीवघेणा न्यूमोनिया होतो. तडक रुग्णालय गाठावे.

३) पार्ट धुण्याचे काम उघड्यावर करावे. पेट्रोलने भिजलेले बोळे झाकणाच्या डब्यात टाकावेत. भिजलेले कपडे लगेच बदलावेत आणि घरच्या कपड्यांत मिसळू नयेत.

४) वर्षातून किमान एकदा रक्ताची संपूर्ण तपासणी, म्हणजे सीबीसी, करून घ्यावी आणि अहवाल जपून ठेवावेत. प्रौढांत पांढऱ्या पेशी साधारण ४,००० ते ११,००० आणि प्लेटलेट्स दीड ते साडेचार लाख असतात. एका आकड्यापेक्षा दरवर्षी आकडे उतरत चालले आहेत का, हे पाहणे महत्त्वाचे.

५) सततचा थकवा, फिकटपणा, वारंवार ताप, तोंडात फोड, हिरड्यांतून रक्त, अंगावर काळेनिळे डाग, यांपैकी काही दिसल्यास डॉक्टरांना दाखवावे आणि आपण काय काम करतो ते आवर्जून सांगावे.

६) गर्भवती, अंगावर पाजणाऱ्या माता आणि अठरा वर्षांखालील मुले यांना हे काम देऊ नये. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेने १९७१ मध्ये केलेल्या बेंझीनविषयक करारात या तिघांना मनाई आहे आणि कामगारांची रक्ततपासणी सांगितली आहे. भारताने तो करार १९९१ मध्ये मान्य केला. तो १ टक्क्याहून अधिक बेंझीन असलेल्या पदार्थांपुरता आहे हे खरे, पण शहाण्या मालकाने त्या रेषेवर बोट ठेवून बसू नये.

वाचकांच्या शंका

*चेहऱ्याला स्कार्फ बांधला तर बेंझीन अडते का?*
नाही. स्कार्फने उन्हापासून आणि थोड्या धुळीपासून बचाव होतो. एन-९५ मास्क सूक्ष्म कण अडवतो, म्हणजे डिझेलच्या काजळीवर त्याचा उपयोग आहे. बेंझीन हे वाफेच्या रूपात असते. त्यासाठी सक्रिय कोळशाचा थर असलेला खास मास्क लागतो.

*कामानंतर गूळ खाल्ला, दूध प्यायले तर विष निघून जाते का?*
गूळ आणि दूध खाण्यास माझी हरकत नाही. पण त्यामुळे बेंझीन शरीरातून निघून जाते, असा काहीही पुरावा नाही. त्या भरवशावर संपर्क चालू ठेवू नये.

*आमच्या गाडीचे पीयूसी आहे. मग काळजीचे कारण काय?*
पीयूसी अवश्य काढावे. पण त्यात पेट्रोल गाडीचा कार्बन मोनॉक्साइड व न जळलेले हायड्रोकार्बन आणि डिझेल गाडीच्या धुराची घनता तपासतात. टाकीतून उडणारी वाफ त्यात मोजली जात नाही.

*इथेनॉल मिसळलेले पेट्रोल आरोग्याला चांगले का?*
आपल्याकडील साखर कारखान्यांतून येणाऱ्या इथेनॉलमध्ये बेंझीन नसते, तेवढा फायदा आहे. पण मिश्रणात पेट्रोलच जास्त असते आणि इथेनॉल जळताना ॲसिटाल्डिहाइड हे डोळ्यांना झोंबणारे रसायन वाढते. तेव्हा या पेट्रोलचाही वास घेऊ नये, हेच खरे.

समाजाची जबाबदारी

शिशाच्या कथेतून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. शिसे कोणाच्या रुमालाने किंवा मास्कने गेले नाही. पेट्रोलमध्ये ते मिसळायचे नाही असे ठरले, तेव्हा गेले. बेंझीनचेही तसेच आहे. पंपावर भरताना बाहेर येणारी वाफ नोझलमधूनच परत ओढून टाकीत नेणारी यंत्रणा उपलब्ध आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने जानेवारी २०२० मध्ये नव्या पंपांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. महिन्याला ३०० किलोलिटर पेट्रोल विक्रीची क्षमता असणाऱ्या नव्या पंपांवर ही यंत्रणा असावी आणि नवा पंप शाळा, दहा किंवा अधिक खाटांची रुग्णालये व निवासी भागापासून ५० मीटर दूर असावा, असे त्यांत म्हटले आहे. जागेची अडचण असेल तरी अंतर ३० मीटरच्या आत येऊ नये आणि जादा सुरक्षा उपाय करावेत, असेही सांगितले आहे. आपल्या गल्लीत किंवा मुलांच्या शाळेशेजारी नवा पंप येत असेल तर ग्रामपंचायतीत, नगरपालिकेत हे अंतर विचारण्याचा आपल्याला अधिकार आहे. तो जरूर बजावावा.

लहान पंप, जुने पंप आणि गल्लीबोळातली गॅरेजे यांच्यापर्यंत या सूचना पोचत नाहीत. तेथे मालकाची सद्बुद्धी आणि आपले लक्ष एवढेच काम करते. पंपमालकांना आणि गॅरेजमालकांना माझी कळकळीची विनंती आहे की वर्षातून एकदा आपल्या माणसांचे रक्त तपासून घ्यावे. एका तपासणीला काही शे रुपये लागतात. दिवाळीच्या मिठाईच्या खोक्याएवढाच तो खर्च आहे. आणि ज्यांच्या घरातला मुलगा पंपावर किंवा गॅरेजात कामाला जातो, त्या आईवडिलांनी हा लेख त्याला वाचून दाखवावा.

पुढील आठवड्यात शेतातील औषध फवारणी करताना घ्यावयाची काळजी, या विषयावर बोलू.